नणंदेच्या बदल्यात चिमणी

९ एप्रिल

दारावरचं 'तिकीट व व्यवस्था' पुसून मी स्वतःच्या हाताने 'मॅनेजर' असं रंगवलं. रंगारी आठवडाभर 'उद्या येतो' म्हणतोय. त्याच्या भरवशावर राहिले असते तर हंगाम संपला असता. काना जरा वाकडा आलाय. असू दे. आत कोण बसलंय ते लोकांना कळल्याशी कारण.

आधीचे मॅनेजर गेले आणि निस्तरायला मला ठेवून गेले. आठ क्लबांच्या लीगमध्ये आमचा बायकांचा बास्केटबॉल संघ शेवटचा. शेवटच्या क्लबाला नव्या मुलींच्या निवडीत पहिला नंबर मिळतो, म्हणजे सगळ्यांत चांगली मुलगी आधी उचलायचा मान. हरण्यात तेवढंच काय ते सुख. पण त्या महाभागाने आमचा पहिला नंबर दीड वर्षापूर्वीच पुलापलीकडच्या क्लबाला देऊन टाकला होता, एका नावाजलेल्या खेळाडूच्या बदल्यात. ती बाई पाठ धरून आली आणि पाठ दाखवून गेली. आता पहिला नंबर त्यांचा, आणि त्यांचा चौथा आमच्या पदरात.

मालकीणबाईंचा बिस्किटांचा कारखाना आहे. क्लब त्यांच्या वडिलांची हौस, त्यांची नव्हे. आज चहा पिता पिता शांतपणे म्हणाल्या, "या हंगामात शेवटच्या दोघांत आलात तर संघ बंद. हॉलमध्ये मी डबे ठेवीन. डबे निदान हरत तरी नाहीत."

मी म्हटलं, "नाही येणार शेवटच्या दोघांत."

बाहेर आले तर जिन्यात दोघीजणी बोलत होत्या. "नणंद कॅप्टन, म्हणून वहिनी मॅनेजर." मला बघून गप्प झाल्या. वन्संनी माझं नाव मालकीणबाईंकडे सुचवलं होतं हे खरं आहे. कोणी सांगितलं होतं त्यांना? माझं मी बघितलं असतं. आता हा वशिल्याचा शिक्का पुसायचा तर कामच तसं करून दाखवायला हवं. नातंगोतं हॉलच्या दाराबाहेर चपलांशेजारी.

१४ एप्रिल

खेळाडूंची यादी घेऊन बसले. कोणाला ठेवायचं, कोणाला देऊन बदल्यात काय मिळतं ते बघायचं. यादीत सगळ्यांत वर अर्थात वन्सं.

वन्सं आणि मी आधी संघातल्या मैत्रिणी. पुढे मी त्यांच्या भावाशी लग्न केलं आणि सासूबाईंच्या धाकाने अगं-तुगंचं अहो-जाहो झालं. त्या मात्र अजून 'अगं वहिनी' असंच म्हणतात. शाळेत खेळाच्या बाई आहेत, वय चौतीस, लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहतात. उंची बेताची, रुंदी दारभर. समोरचे संघ त्यांना 'कपाट' म्हणतात. त्यांना त्याचं काही नाही. म्हणतात, कपाटाला राग येत नसतो.

पण खेळ? सामन्याला सरासरी चार गुण. धावणं संथ. मधे उभं राहायचं आणि धक्के खायचे, आपल्या मुलीच्या मागे लागलेल्या मुलीची वाट अडवायची. स्क्रीन लावणं म्हणतात त्याला. लागतं, नाही असं नाही. पण उभं राहायला असं काय मोठं लागतं?

मी सहा वर्षं गार्ड खेळले, खांदा निखळेपर्यंत. नेम बरा होता, पण माझी खरी खुबी म्हणजे मी नेहमी मोकळी सापडायचे. पास आला की समोर कोणी नाही. ही कला शिकवून येत नाही, अंगातच असावी लागते. तशी एक मुलगी मला हवी आहे.

घरी पोचायला उशीर झाला. सासूबाईंच्या बहिणी येणार होत्या आणि मी घरी असायला हवं होतं, पार विसरले. कसं कोण जाणे, कोणी फोनही केला नाही. वन्सं कपबशा विसळत होत्या. स्वयंपाकघरात त्या उभ्या असल्या की दुसऱ्याला जागाच राहत नाही. म्हणून मी जातच नाही.

२ मे

निवडीआधीचं चाचणी शिबिर सुरू झालं. नव्या मुलींचे गट पाडतात आणि प्रत्येक गटात एक अनुभवी खेळाडू घालतात, म्हणजे खेळाला आकार येतो. प्रत्येक क्लबाने एकेक द्यायची. आम्ही वन्संना दिलं.

मला माझी मुलगी सापडली. एवढीशी आहे, चिमणीएवढी, आणि सगळे तिला चिमणीच म्हणतात. काय तो हात! पास आला, वर गेला, जाळीत. आणि दरवेळी मोकळी. मी स्टँड लावून तिचे व्हिडिओ घेत होते. बरे आलेत, फक्त वन्सं सारख्या फ्रेममध्ये येत होत्या. तिच्याच गटात होत्या ना. नेमकी चिमणी वळली की या समोर उभ्या. दोनदा ओरडून सांगितलं बाजूला व्हा. त्यांनी ऐकलं नाही.

आमचा आकडेवाला लॅपटॉपवर भराभरा टिपत होता. हा मुलगा कोर्टकडे कमी बघतो आणि आकड्यांकडे जास्त, पण हिशेब पक्का. म्हणाला, "मॅडम, अशी टक्केवारी मी बघितलेली नाही."

३ मे

आज गट बदलले. वन्सं दुसऱ्या गटात गेल्या. चिमणीचा दिवस नव्हता, घाईघाईने टाकत होती, बरेच चुकले. आकडेवाला म्हणाला, थकवा. साहजिक आहे, काल एवढी खेळली.

उलट वन्संच्या गटातली एक मुलगी, सायकलवरून येते ती, काल कोणाच्या खिजगणतीत नव्हती आणि आज अचानक तिला सूर सापडला. असं होतं कधी कधी. दुसऱ्या फेरीसाठी तिचं नाव लिहून ठेवलं.

१० मे

पुलापलीकडच्या मॅनेजरचा फोन. आम्ही त्याला साखरतोंड्या म्हणतो. आधी घरच्या सगळ्यांची चौकशी केली, सासूबाईंच्या गुडघ्यासकट, तेव्हाच मी सावरून बसले.

त्याला वन्सं हव्यात. वन्सं आणि आमचा चौथा नंबर द्या, पहिला नंबर घ्या.

मी विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. चार गुण करणारी चौतीस वर्षांची खेळाडू देऊन चिमणी मिळत असेल तर विचार कसला करायचा? कोणत्याही दुसऱ्या खेळाडूबद्दल मी हो म्हणून मोकळी झाले असते. मग इथे का थांबायचं? नणंद आहे म्हणून? मग जिन्यातल्या त्या दोघी खऱ्याच ठरल्या.

कोचना विचारलं. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "देऊ नकोस," एवढंच.

"का?"

"ती गेली की कळेल का ते."

हे काय उत्तर झालं? मी आकडे मागितले तर म्हणाले, याचे आकडे नसतात. जुन्या माणसांचं हे असंच. आकडेवाल्याने मात्र दोन तक्ते समोर ठेवले, वन्संचा आणि चिमणीचा. लहान मुलालाही कळलं असतं.

१३ मे

नवऱ्याला सांगितलं. तो दातांचा डॉक्टर, दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगतो, घरी स्वतः उघडत नाही. आज उघडलं. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी कोणाची बाजू घेऊ?"

"बाजू घेऊ नकोस. मॅनेजर म्हणून माझं बरोबर आहे की नाही ते सांग."

"मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. तिच्यातलं थोडं कळतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. ती हो म्हणेल."

हो म्हणण्याचा प्रश्न येतो कुठे? अदलाबदल क्लब करतात, खेळाडूला विचारत नाहीत. पण ते त्याला समजावत बसले नाही. ठरलं.

१५ मे

वन्संना ऑफिसात बोलावून सांगितलं. घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे त्या. खुर्ची त्यांना जरा अपुरीच पडते. मी पाठ केल्यासारखं बोलले: संघाचं हित, दूरचा विचार, वैयक्तिक काही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चिमणीसाठी?"

"हो."

"चांगली आहे मुलगी," त्या म्हणाल्या. "बरं."

फक्त 'बरं'. मी भांडणाची तयारी करून बसले होते, त्यामुळे माझीच पंचाईत झाली.

दुपारी लीगचे अधिकारी कागद घेऊन आले. वन्संना बाजूच्या खोलीत नेऊन बराच वेळ बोलत होते. बारा वर्षं क्लबात खेळलेली खेळाडू, काही जुने कागद असतील. त्या बाहेर आल्या, माझं पेन परत दिलं आणि घरी गेल्या. अधिकारी माझ्याकडे बघून म्हणाले, "नशीबवान आहात." चिमणीबद्दल म्हणाले असणार. मीही हसून आभार मानले.

आता जिन्यात काय बोलायचं ते बोला.

१६ मे

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने भांड्यांशी बोलतात. "लोकं जुनं सामान मोडीत देतात. हिने घरचं माणूस दिलं." वन्सं म्हणाल्या, "आई, मी काही दूरदेशी नाही चालले. पुलापलीकडे चालले. जेवायला येईनच." मग मला वाढलं. मी मान खाली घालून जेवले, पण निर्णयाचा पश्चात्ताप नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

१ जून

निवडीचा दिवस. पहिला नंबर आमचा. मी उठून चिमणीचं नाव घेतलं. दुसऱ्या फेरीत सायकलवाली घेतली. बाकीच्या मॅनेजरनी येऊन अभिनंदन केलं. मालकीणबाई पहिल्यांदा हसताना दिसल्या.

घरी आले तर वन्संनी दार उघडलं. अंगात पुलापलीकडच्या क्लबाचा निळा सदरा. त्यांच्या मापाचा शिवून घ्यावा लागला म्हणे. "मिळाली ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आता तिला सांभाळ," म्हणाल्या. निळा रंग त्यांना शोभत नाही.

४ जुलै

सराव सामन्यात चिमणी: अकरा शॉट, दोन बास्केट. नवीन हॉल, नवीन संघ, नवीन चेंडू. लागेल वेळ.

९ जुलै

नऊ शॉट, एक. कोच शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत असतात आणि तेच जास्त लागतं.

१५ जुलै

बारा शॉट, एक. तिच्या अंगाला दोघीजणी चिकटलेल्या असतात. मी बाजूने ओरडते, "मोकळी हो, मोकळी हो." ती माझ्याकडे अशी बघते की जणू मी तिला उडायला सांगतेय. शेवटी तिला ऑफिसात बोलावलं.

"मॅडम, एक विचारू? त्या ताई कधी येणार?"

"कोण ताई?"

"शिबिरातल्या. कपाटताई. मला वाटलं त्या इथल्याच. पहिल्या नंबरला तुम्ही माझं नाव घेतलंत ना, तेव्हा मी आईला सांगितलं, आता मला त्या ताईंबरोबर खेळायला मिळणार. त्या असल्या की मला श्वास घ्यायला वेळ मिळतो. त्यांच्याशिवाय मी कधीच एवढी चांगली नव्हते."

मी म्हटलं, त्या आता दुसरीकडे असतात. कुठे आणि कशा गेल्या ते सांगायला जीभ रेटेना.

१६ जुलै

आकडेवाल्याला शिबिराचे व्हिडिओ लावायला सांगितले. आज चेंडूकडे बघायचं नाही असं ठरवलं. चिमणीकडेही नाही. फक्त वन्संकडे.

त्या फ्रेममध्ये मधे मधे येत नव्हत्या. चिमणी वळणार हे तिला कळायच्या आधी यांना कळत होतं. त्या दोन पावलं जाऊन उभ्या राहतात, चिमणीच्या मागे लागलेली मुलगी धाडकन त्यांच्यावर आदळते, आणि चिमणी मोकळी. मग पास, शॉट, टाळ्या, आणि टाळ्या वाजतात तेव्हा वन्सं खांदा चोळत परत निघालेल्या असतात. दुसऱ्या दिवशीही तेच. सायकलवालीला सूर सापडला म्हणे. सूर नव्हे, वन्सं सापडल्या होत्या.

आकडेवाला मोजत होता. मोजता मोजता थांबला. म्हणाला, "मॅडम, याचा रकानाच नव्हता माझ्याकडे."

चिमणी घेण्यासाठी मी ज्या व्हिडिओंवर विसंबले, ते वन्संनीच घडवले होते. आणि तेच पुढे करून मी वन्संनाच दिलं. असा गाढवपणा शत्रूनेही केला नसता.

मग मी त्याला घरी पाठवलं आणि एकटीने आमचा एक जुना सामना लावला. मी खेळत होते तेव्हाचा. माझी खुबी बघायला. मी छान दिसत होते, चपळ, हसरी, सतत मोकळी. माझ्या मागे दरवेळी कोण उभं होतं ते लिहायचीही लाज वाटते. अर्ध्यावर बंद केला.

१८ जुलै

पुलापलीकडे गेले. पाय धरायचीही तयारी होती. साखरतोंड्याने खुर्ची दिली, बिस्किटं दिली, आमच्याच कारखान्याची.

"परत हवी? देऊ की. चिमणी द्या. चौथा नंबर मात्र आता वापरून झाला, त्याचं दुःख मानू नका."

"चिमणी नाही देता येणार."

"मग वन्सं नाही देता येणार," तो म्हणाला. घरचा शब्द माहीत होता त्याला. "खरं सांगू? आमचीही रात्रीची झोप उडाली होती. तिने नाही म्हटलं असतं तर सगळंच मुसळ केरात."

"तिने कसं नाही म्हटलं असतं?"

त्याने बिस्किटांची बशी खाली ठेवली. "एका क्लबात दहा वर्षं झालेल्या खेळाडूला नकाराचा हक्क असतो. गेल्या वर्षीचा नियम आहे. अधिकाऱ्यांनी तिला वेगळं बसवून तीनतीनदा विचारलं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

गेल्या वर्षी मी तिकिटं फाडत होते. परत येताना पूल कधी ओलांडला ते कळलं नाही.

१९ जुलै

वन्सं सकाळी निळा सदरा इस्त्री करत होत्या. मी दारातच उभी राहिले.

"तुम्हाला नाही म्हणता येत होतं."

"होतं."

"मग?"

"मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं सांग. सगळे म्हणाले असते, हिला घरच्या माणसाला हात लावायची हिंमत नाही. पुढे कुठल्या मुलीने तुझं ऐकलं असतं?"

"पण माझं चुकत होतं."

"ते मला माहीत होतं."

"मग सांगायचं नाही?"

इस्त्री उभी ठेवून त्या म्हणाल्या, "काय सांगू? मला ठेव, मी फार चांगली आहे? अगं, हे आपल्या तोंडाने कसं सांगायचं? वाटलं, तुझं तुला दिसेल. सहा वर्षं माझ्या आडोशाने तर पळालीस."

मला रडू आलं. त्यांनी येऊ दिलं. मग मी विचारलं, "परत याल? काहीही देऊन आणते. पुढच्या वर्षीचे सगळे नंबर देते."

"नाही."

"रागावलात?"

"हो. अजून बरेच दिवस रागावणार आहे." सदऱ्याची बाही पलटत त्या पुढे म्हणाल्या, "पण नकार त्यासाठी नाही. तिथे मला पास देतात गं. परवा सराव सामन्यात चौदा गुण केले. या वयात कळलं की मलाही नेम आहे. तू कधी दिलास का पास?"

मी आठवून बघितलं. नाही दिला.

२१ जुलै

रडून डबे थांबणार नाहीत. सकाळी सहाला सगळ्या हजर. कोचना म्हटलं, मला अक्कल आली, आता काय करायचं ते सांगा. ते म्हणाले, "कपाट गेलं. आता प्रत्येकीने एकेक फळी व्हायचं."

नवा नियम केला. सरावात गुण बास्केट करणारीला नाही, तिला मोकळं करणारीला. आकडेवाल्याला नवा रकाना पाडायला लावला.

चिमणी कुरकुरली. "मी एवढीशी. माझ्यावर आदळून कोण थांबणार?"

"रुंदी नाही लागत," कोच म्हणाले. "धक्का घ्यायची तयारी लागते. पाय रोव, हात छातीशी धर, आणि डोळे मिटू नकोस."

तिने डोळे मिटले. चारही वेळा.

२४ जुलै

नुसतं सांगून भागेना, म्हणून मीच कोर्टवर उतरले. चिमणीला म्हटलं, मी उभी राहते, तू बघ. सायकलवाली वेगाने आली आणि मी उताणी पडले. अख्ख्या खेळाच्या आयुष्यात मी हा धक्का कधी घेतला नव्हता. ओठ फाटला. मुली घाबरून गोळा झाल्या. मी म्हटलं, पुन्हा.

तिसऱ्या वेळी मी उभी राहिले. चिमणी म्हणाली, आता मी.

घरी नवऱ्याने दिव्याखाली धरून दात तपासले. शाबूत आहेत. वन्सं शेजारून गेल्या, ओठाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हनुवटी आत घे." बाकी राग कायम.

३० ऑगस्ट

हंगाम सुरू झाला. तीन हरलो. पण तिसरा फक्त दोन गुणांनी. मालकीणबाईंचा माणूस हॉलची लांबी-रुंदी मोजायला आला होता. मी त्याला सराव संपेपर्यंत बाहेर उभा ठेवला.

२७ सप्टेंबर

जिंकलो. सलग दुसरा. चिमणी नऊ गुण, आणि नव्या रकान्यात सहा. तिला आता धक्क्यांच्या काळ्यानिळ्या डागांची मिजास आलीय, बाही वर करून दाखवते.

२ नोव्हेंबर

हरलो. रागाने मी पाण्याची बाटली लाथाडली, ती कोचच्या गुडघ्याला लागली. माफी मागितली. उद्या सराव नेहमीच्याच वेळी.

२८ नोव्हेंबर

उद्या शेवटचा सामना. जिंकलो तर सहावे, वाचलो. हरलो तर सातवे आणि हॉलमध्ये डबे. समोर कोण, तर पुलापलीकडचे. दुसरं कोण असणार?

वन्संना कसं अडवायचं यावर मुलींशी बोलले. शिबिराचे तेच व्हिडिओ दाखवले. त्या कुठल्या पायावर वळतात, उभं राहण्याआधी कुठे बघतात, मला आता तोंडपाठ आहे. बोलता बोलता लक्षात आलं की मी मुलींना शत्रूचा खेळ नाही, वन्संचं कौतुक सांगतेय. मुली मन लावून ऐकत होत्या.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "उद्या मी कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या?" वन्संनी आपली ताटली उचलली, माझीही उचलली आणि म्हणाल्या, "मी उद्या सोडणार नाही हं तुला."

"सोडू नका," मी म्हटलं.

२९ नोव्हेंबर

त्यांनी सोडलं नाही. अख्खा सामना भिंतीसारख्या उभ्या राहिल्या, वर अठरा गुण केले. त्यांच्या प्रत्येक बास्केटला मी चरफडत होते आणि टाळी वाजवावीशीही वाटत होती. सासूबाई दोन्हीकडे वाजवत होत्या.

शेवटी एका गुणाने आम्ही मागे, आणि एकाच शॉटपुरता वेळ. चेंडू चिमणीकडे. सगळा हॉल धरून होता की तीच टाकणार. दोघी तिच्या अंगावर धावल्या. तिने चेंडू सायकलवालीला दिला. सायकलवालीला गाठायला वन्सं निघाल्या, पूर्ण वेगात, आणि चिमणी पळत जाऊन त्यांच्या वाटेत उभी राहिली. पाय रोवले, हात छातीशी धरले. डोळे उघडे होते, मी नीट बघितलं. मी चेंडूकडे बघतच नव्हते.

दोघी एकमेकींवर आदळून खाली पडल्या. वर काय झालं ते मला गलक्यावरून कळलं. एका गुणाने जिंकलो.

वन्संनी पडल्या पडल्या आधी चिमणीचा खांदा चाचपला. मग उठल्या आणि तिला हात देऊन उभं केलं. मालकीणबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "डब्यांचं दुसरीकडे बघते." मी हो-हो केलं, पण माझं लक्ष नव्हतं.

घरी वन्सं सोफ्यावर बसल्या होत्या, बरगडीला बर्फाची पिशवी लावून. सासूबाई आम्हा दोघींवर सारख्याच चिडून झोपायला गेल्या. मी समोर उभी राहिले.

"त्या पोरीला माझ्यासमोर उभं करायची अक्कल कोणाची?"

"माझी."

"पाय फार जवळ ठेवते. आणखी फाकवायला सांग. पुढच्या वेळी मी तिला उडवणार."

"सांगते."

त्या जरा सरकल्या. सोफ्यावर माझ्यापुरती जागा झाली. मी बसले आणि बर्फाची पिशवी त्यांच्या हातातून घेऊन धरली. जुलैपासून जे बोलायचं राहिलं होतं ते बोलले.

"चुकले मी, वन्सं. मला खरंच वाटायचं की मी आपली आपणच मोकळी असते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर छान पळायचीस."

मग बर्फ वितळला, म्हणून मी दुसरा आणायला उठले.